साथीच्या काळातील साठा आणि हक्काचा वाटा

साथीच्या रोगाची पहिली बातमी येते, तेव्हा तिच्यापाठोपाठ एक सरकारी आवाहनही येते. घाबरून जाऊ नका, कोणत्याही वस्तूचा तुटवडा नाही, गरजेपुरतेच घ्या, असे त्यात सांगितलेले असते. हे आवाहन बऱ्याचदा खरे असते आणि तरीही ते क्वचितच उपयोगी पडते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी सिंगापूर सरकारने कोविडच्या धोक्याची पातळी पिवळीवरून नारिंगी केली आणि काही तासांतच तेथील दुकानांतले तांदळाचे, नूडल्सचे आणि टॉयलेट पेपरचे कप्पे रिकामे होऊ लागले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ली सिएन लूंग यांना चित्रफीत प्रसृत करून पुरेसा साठा असल्याची ग्वाही द्यावी लागली. सिंगापूर हा गाफील देश नव्हता. तांदळाच्या आयातदारांनी ठरावीक साठा कायम राखला पाहिजे, असा नियम तेथे वर्षानुवर्षे आहे आणि या घटनेच्या आठवडाभर आधीच प्रत्येक घराला चार मास्क देण्याचे काम सुरू झाले होते. एवढी सिद्धता असलेल्या समाजातही लोक दुकानांकडे का धावले, याचा विचार केल्याशिवाय पुढच्या साथीची तयारी पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.

लोक स्वार्थी असतात, अविचारी असतात, कळपाने वागतात, हे यावरचे नेहमीचे उत्तर आहे. संकटाच्या काळात भरलेल्या पिशव्या वाहून नेणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली जातात, त्यांच्यावर टीकेची झोड उठते आणि टीका करणाऱ्यांपैकी अनेकजण त्याच संध्याकाळी थोडे जास्तीचे सामान घरी आणतात. मला हे उत्तर अपुरे वाटते, इतकेच नव्हे तर घातकही वाटते, कारण एकदा सगळा दोष स्वभावावर टाकला की शासनाला उपदेशाखेरीज काही करण्याची गरज उरत नाही. घबराटीची खरेदी हा मुख्यतः खात्रीच्या अभावाचा प्रश्न आहे. आपल्या वाट्याचे आपल्याला मिळेलच, याची खात्री नसलेला माणूस ते आजच ताब्यात घेऊ पाहतो आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही समंजस माणूस असता तरी त्याने तेच केले असते. म्हणून साथ जाहीर होते त्याच दिवशी अत्यावश्यक वस्तूंचा प्रत्येक माणसामागे ठरलेला, मोजलेला आणि सर्वांना दिसेल असा वाटा जाहीर करणे, हे लसीकरणाइतकेच सार्वजनिक आरोग्याचे काम मानले गेले पाहिजे.

प्रथम, घबराटीने खरेदी करणारा माणूस कोण असतो, ते पाहू. २०२०च्या मार्चमध्ये ब्रिटनमधील दुकाने रिकामी पडली, तेव्हा कांतार या बाजार-संशोधन संस्थेने घराघरांतल्या खरेदीच्या नोंदी तपासल्या. द्रवरूप साबण घेणाऱ्यांपैकी सुमारे सहा टक्के आणि सुका पास्ता घेणाऱ्यांपैकी सुमारे तीनच टक्के ग्राहकांनी असाधारण प्रमाणात माल नेला होता. उरलेल्या मोठ्या संख्येने फक्त एकदोन वस्तू जास्त घेतल्या होत्या आणि नेहमीपेक्षा एखादी फेरी जास्त मारली होती. ज्यांच्यावर सारा राग काढला गेला, ते खोल्या भरून ठेवणारे लोक होते, पण थोडेच होते. दुकाने रिकामी केली ती आपण साठा करतो आहोत, असे स्वतःला न वाटणाऱ्या सामान्य कुटुंबांनी.

हे कसे घडते, ते साध्या हिशेबाने कळते. समजा, प्रत्येक कुटुंब आठवड्यातून एकदा खरेदी करते आणि दुकानातली गर्दी सातही दिवस सारखी असते. एका बातमीनंतर त्या सगळ्या कुटुंबांनी आपापली साप्ताहिक फेरी पुढच्या दोन दिवसांत उरकायचे ठरवले आणि प्रत्येकाने एका आठवड्याऐवजी दोन आठवड्यांचे सामान घेतले, तर त्या दोन दिवसांत दुकानाला रोजच्या सातपट माल पुरवावा लागेल. दोन आठवड्यांचे सामान घरात असणे ही कोणत्याही दृष्टीने हाव नव्हे. तरीही एवढ्यानेच कोणतेही दुकान मोकळे होईल, कारण आजची पुरवठा साखळी रोजच्या खपाच्या अंदाजावर बेतलेली असते आणि मागच्या गोदामात महिन्याचा माल पडून राहू देणे हा तिच्या लेखी निव्वळ तोटा असतो. त्यातच कार्यालये, शाळा आणि उपाहारगृहे बंद होतात आणि जे खाणे, जो साबण, जो कागद तिथे वापरला जात होता, त्याची गरज घराकडे सरकते. ही वाढ खरी असते, तिला घबराट म्हणणे अन्यायाचे आहे. उपाहारगृहांना जाणारा माल वेगळ्या आकाराच्या वेष्टनांत, वेगळ्या वितरकांमार्फत जातो आणि तो एका रात्रीत किरकोळ दुकानांकडे वळवता येत नाही.

टॉयलेट पेपरची २०२० मध्ये बरीच चेष्टा झाली. श्वसनाच्या विकारात त्याचा काय उपयोग, असे विचारले गेले. परंतु तो संपण्यामागे समजण्याजोगी कारणे होती. ही वस्तू जागा फार अडवते आणि तिची किंमत त्या मानाने कमी असते, त्यामुळे दुकानदार तिचा थोडाच साठा ठेवतो. तिचा खप वर्षभर एकसारखा असल्यामुळे कारखाने आधीच जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालत असतात आणि अचानक उत्पादन वाढवायला वाव नसतो. शिवाय तिचे गठ्ठे मोठे असल्याने थोडे गठ्ठे गेले तरी कप्पा ओसाड दिसतो आणि हा ओसाडपणा दुरूनही नजरेत भरतो. रिकामा कप्पा पाहणाऱ्या माणसाला त्यातून एकच गोष्ट कळते : इतरांनी नेले आहे.

येथे प्रश्नाचे मर्म आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये एका निबंधात दाखवून दिले होते, की सुस्थितीतली बँकसुद्धा ती बुडणार अशी अफवा पुरेशा लोकांनी खरी मानली तर खरोखरच बुडते. पुढे १९८३ मध्ये डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या अर्थशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट गणिताने मांडली आणि त्या कामासाठी त्यांना २०२२चा नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांच्या मांडणीतला ठेवीदार मूर्ख नाही. इतर सारे शांत राहिले तर त्यानेही शांत राहण्यात त्याचे हित असते आणि इतर सारे पैसे काढायला धावले तर त्यानेही धावण्यातच त्याचे हित असते. दोन्ही वर्तने आपापल्या परिस्थितीत शहाणपणाचीच आहेत आणि कोणती परिस्थिती उद्भवेल, हे केवळ इतरांविषयीच्या अंदाजावर ठरते. दुकानातल्या गर्दीला हे विवेचन शब्दशः लागू पडते. ‘माल पुरेसा आहे’ हे मंत्र्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले, तरी शेजाऱ्याला ते पटले आहे की नाही, हे मला ठाऊक नसते. त्याला पटले नसेल तर तो जाऊन घेऊन येईल आणि मी विश्वास ठेवल्याबद्दल माझ्या घरातले लोक वस्तूविना राहतील.

बँकांपुढच्या रांगा कशाने थांबल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या आवाहनांनी थांबल्या नाहीत. अमेरिकेत १९३३च्या कायद्याने आणि भारतात १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. मर्यादेपर्यंतची ठेव काहीही झाले तरी परत मिळेल, अशी हमी मिळाल्यावर शेजारी धावला तरी आपण धावण्याचे कारण उरले नाही. ही हमी दुसऱ्या माणसाच्या सद्वर्तनावर अवलंबून नव्हती. साथीच्या काळात नागरिकाला नेमकी अशीच हमी हवी असते आणि आपण त्याला सल्ला देतो.

यावर कोणी म्हणेल, की चार दिवस दुकाने रिकामी राहिली आणि आठवड्याभरात भरली, तर त्यात एवढे काय बिघडले? ज्याच्या घरी आधीच दहा दिवसांचे सामान आहे, त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याला रोजच्या मजुरीतून रोजचे सामान घ्यावे लागते, त्याच्यासाठी रिकाम्या दुकानाचे चार दिवस म्हणजे चार दिवसांची उपासमार असू शकते. त्याच्याकडे साठा करायला एकरकमी पैसा नसतो, सामान वाहायला वाहन नसते, ठेवायला जागा नसते आणि मिळेल तेथे धुंडाळत फिरायला वेळही नसतो. अपंग व्यक्ती, एकटे राहणारे वृद्ध, पगार महिनाअखेरीस होणारे कर्मचारी, रुग्णालयात लांब पाळ्या करून दुकाने बंद होण्याच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या परिचारिका, हे सगळे रांगेत शेवटी पोहोचतात. घबराटीच्या खरेदीत वस्तूंची वाटणी गरजेप्रमाणे होत नाही. ज्याच्याकडे पैसा, वाहन आणि मोकळा वेळ आहे, त्याच्या वाट्याला त्या जातात. म्हणजे आधीच सुरक्षित असलेल्याची सुरक्षितता ज्याची बाजू आधीच उघडी आहे, त्याच्या खर्चाने वाढते. मला या विषयावर लिहावेसे वाटले, ते मुख्यतः या अन्यायामुळे.

वादळ, युद्ध किंवा संप यांच्या वेळीही लोक साठा करतात. परंतु साथीत दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पहिली अशी, की खरेदीसाठी जमलेली गर्दी हेच रोग पसरण्याचे ठिकाण बनते. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता भारताच्या पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांच्या देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली. भाषण संपताच शहरोशहरी लोक दुकानांकडे धावले आणि त्याच रात्री पंतप्रधानांना समाजमाध्यमावरून सांगावे लागले, की घाबरण्याचे कारण नाही, आवश्यक वस्तू मिळत राहतील आणि दुकानांभोवती गर्दी केल्याने संसर्गाचा धोका वाढतो. टाळेबंदी आवश्यक होती की नव्हती, हा वाद वेगळा आहे. पण ज्या उपायाचा हेतू माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणे हा होता, त्या उपायाच्या घोषणेनेच पहिल्या काही तासांत त्यांना एकत्र आणले, कारण वस्तू कशा मिळतील याचा तपशील घोषणेबरोबर त्यांच्या हाती पडला नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. साथीत ज्या वस्तूंवर झडप पडते, त्यांत रोगाशी लढण्याची साधने असतात. ३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला होता, की कोविडच्या मुकाबल्यासाठी जगाला दर महिन्याला ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मास्क, ७ कोटी ६० लाख हातमोजे आणि १६ लाख संरक्षक चष्मे लागतील. त्याच निवेदनात संघटनेने सांगितले, की साथ सुरू झाल्यापासून शस्त्रक्रियेच्या मास्कची किंमत सहापट आणि एन-९५ मास्कची तिप्पट झाली आहे आणि वाढती मागणी, घबराटीची खरेदी, साठेबाजी व गैरवापर यांमुळे आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्राण धोक्यात आले आहेत. घरातल्या कपाटात पडून राहिलेला मास्क फक्त एका घराचे रक्षण करतो, तेही कधी गरज पडली तर. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरच्या तोंडावरचा मास्क दिवसभरात भेटणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे, सहकाऱ्याचे आणि त्यांच्या कुटुंबांचे रक्षण करतो.

औषधांच्या बाबतीत हा इतिहास आणखी जुना आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले आणि टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक सुरतेतच नव्हे, तर शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरांतल्या दुकानांतूनही दिसेनासे झाले. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले, तेव्हा सिप्रोफ्लोक्सॅसिन या प्रतिजैविकाचे असेच झाले. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन कोविडवर उपयोगी ठरेल अशी चर्चा वरिष्ठ पातळीवरून सुरू झाली आणि ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा आजार) व संधिवाताच्या ज्या रुग्णांना ते औषध रोज घ्यावे लागते, त्यांनाच ते मिळेना. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर त्याचा उपयोग नसल्याचे दिसून आले. ज्यांनी ते घरी आणून ठेवले त्यांना त्याचा काहीच लाभ झाला नाही आणि ज्यांना ते लागत होते त्यांचे मात्र खात्रीने नुकसान झाले. रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी औषधाची कथा आपल्या स्मरणात ताजी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातील कोविड रुग्णांसाठी ते वापरू नये अशी सशर्त शिफारस केली होती. तरीही एप्रिल २०२१ मध्ये भारतात त्याच्या कुप्यांसाठी नातेवाईक रात्रंदिवस वणवण फिरले, काळाबाजार झाला आणि सरकारला ११ एप्रिलला त्याची निर्यात बंद करावी लागली. मरणासन्न माणसाच्या मुलाला याबद्दल दोष देण्याचे धैर्य कोणाला होईल? त्याला औषधाची चिठ्ठी देऊन बाहेर पाठवणाऱ्या व्यवस्थेने ते औषध रुग्णालयातच मिळेल किंवा त्याची गरज नाही, या दोहोंपैकी एक गोष्ट त्याला ठामपणे सांगायला हवी होती.

खात्री देण्याचे काम अवघड असले तरी ते झालेले आहे. तैवानने जानेवारी २०२० अखेरीस मास्कची निर्यात थांबवली आणि देशातले सारे उत्पादन सरकारने ताब्यात घेतले. आरंभी दर खरेदीमागे ठरावीक मास्क अशी मर्यादा होती. तिचा व्हायचा तोच परिणाम झाला : लोक एका दुकानातून निघून दुसऱ्या दुकानापुढे उभे राहू लागले. मग ६ फेब्रुवारीपासून खरेदी आरोग्य विम्याच्या कार्डाशी जोडली गेली. प्रत्येकाला आठवड्याला दोन मास्क ठरलेल्या किमतीला मिळू लागले. ओळखक्रमांकाचा शेवटचा अंक विषम असणाऱ्यांनी आठवड्याचे तीन दिवस आणि सम असणाऱ्यांनी दुसरे तीन दिवस यायचे, रविवारी कोणीही यावे, अशी विभागणी झाली. सहा हजारांहून अधिक औषध दुकानांतल्या शिल्लक साठ्याची माहिती सरकारने खुली केली आणि स्वयंसेवी संगणक-तज्ज्ञांनी, मंत्री ऑड्री तांग यांच्या पाठबळाने, तिचे नकाशे तयार केले. घरबसल्या कोणालाही दिसू लागले, की जवळच्या दुकानात किती मास्क आहेत. उत्पादन वाढत गेले तसा वाटाही वाढला, मार्चमध्ये आठवड्याला तीन आणि एप्रिलमध्ये चौदा दिवसांना नऊ. जूनमध्ये खुली विक्री पुन्हा सुरू झाली. दक्षिण कोरियात फेब्रुवारीच्या अखेरीस दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्यावर ९ मार्चपासून जन्मवर्षाच्या शेवटच्या अंकानुसार वार ठरवून दिले गेले आणि प्रत्येकाला आठवड्याला दोन मास्क मिळू लागले.

या व्यवस्थेतल्या कोणत्या गोष्टीने काम केले, ते नीट पाहायला हवे. आठवड्याला दोन मास्क ही संख्या गरजेपेक्षा कमी होती आणि लोकांना ते कळत होते. तरीही धावपळ ओसरली, कारण मला आज दोन मिळाले नाहीत तरी माझे दोन दुसऱ्या कोणाला मिळू शकत नव्हते. वाटा लहान असला तरी तो राखीव होता. वार विभागून दिल्यामुळे गर्दीही विभागली गेली आणि शिल्लक दिसत असल्यामुळे अफवेला जागा उरली नाही. दर खरेदीमागची मर्यादा आणि दर माणसामागचा वाटा यांत हाच महत्त्वाचा फरक आहे. २०२० मध्ये बहुतेक देशांतल्या दुकानांनी पहिल्या प्रकारची मर्यादा घातली आणि तीही कप्पे रिकामे झाल्यावर. चपळ ग्राहक चार दुकाने फिरून ती सहज ओलांडू शकत होता. ज्याला चालणे कठीण, तो एकाच दुकानापर्यंत पोहोचत होता आणि तेथे माल संपलेला असे.

या सूचनेविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की वाटा ठरवून देणे हीच टंचाईची कबुली आहे आणि तिनेच लोक बिथरतील. मर्यादा ‘सोमवारपासून लागू होईल’ असे शुक्रवारी जाहीर केले तर तसे नक्कीच होईल. म्हणूनच ती घोषणेच्या क्षणापासून लागू असली पाहिजे आणि तिची पूर्वतयारी साथ नसताना झालेली असली पाहिजे. शिवाय साथ आल्याची बातमी हीच लोकांच्या दृष्टीने टंचाईची सूचना असते. शासन गप्प राहिल्याने ती लपत नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. किमती वाढू द्याव्यात, म्हणजे लोक आपोआप कमी घेतील आणि उत्पादक जास्त बनवतील, असे तो सांगतो. सामान्य काळातल्या सामान्य वस्तूंबाबत मी हे म्हणणे मान्य करीन. उत्पादकाला जादा खर्च भरून निघेल असा मोबदला मिळाला पाहिजे, हेही खरे आहे आणि तो सरकारी खरेदीतून देता येतो. परंतु साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत किंमत कितीही चढली तरी नवा कारखाना उभा राहत नाही. त्या काळात चढी किंमत फक्त एवढेच ठरवते, की असलेला माल कोणाच्या घरी जाईल. आणि संसर्गजन्य रोगात हा प्रश्न नुसत्या दयेचा राहत नाही. माझ्याकडे साबण, मास्क आणि औषध सारे काही आहे, पण माझ्या इमारतीत काम करणाऱ्या, माझ्या बसमध्ये बसणाऱ्या, माझ्या मुलाच्या वर्गात शिकणाऱ्या कुटुंबांकडे ते नाही, तर माझी सुरक्षितता अर्धीमुर्धीच आहे. चढ्या किमतीला घेतलेले शंभर मास्क मला तेवढे वाचवू शकत नाहीत, जेवढे शंभर घरांत गेलेला एकेक मास्क वाचवू शकतो. किंमत सार्वजनिक संरक्षणाचा हा हिशेब करू शकत नाही, कारण प्रत्येक ग्राहक स्वतःपुरताच भाव बोलतो.

खात्री निर्माण करण्यात खरे बोलण्याचा वाटा फार मोठा आहे आणि येथे जबाबदार माणसांच्या हातूनही मोठी हानी झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबतचे सरकारचे प्रमुख प्रवक्ते, जेरोम अॅडम्स यांनी नागरिकांना मास्क विकत घेणे थांबवा, असे कळकळीने सांगितले. त्यामागे त्यांनी दोन कारणे एकत्र दिली. मास्क सर्वसामान्य माणसाला विषाणूपासून वाचवत नाहीत, हे एक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ते मिळाले नाहीत तर सर्वांनाच धोका आहे, हे दुसरे. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो, की जे निरुपयोगी आहे ते डॉक्टरांना इतके निकडीचे का? ३ एप्रिलला त्याच देशाच्या रोग नियंत्रण केंद्राने सर्वांना कापडी आवरण वापरण्याची शिफारस केली. विज्ञानाचे मत पुराव्यानुसार बदलते, त्यात गैर काही नाही. परंतु साठा वाचवण्याच्या घाईत उपयुक्ततेविषयी ठाम नकार दिला गेला, हे लोकांच्या लक्षात राहिले आणि पुढे लसीबद्दल खरे सांगितले जात असतानाही त्यातल्या अनेकांचा विश्वास बसेना. मास्क उपयोगी आहेत, ते आज कमी आहेत, म्हणून पहिले मास्क रुग्णालयांना जातील आणि तुमचा वाटा अमुक तारखेपासून मिळेल, असे सांगता आले असते. टंचाई मान्य करून तिची वाटणी सांगणारे सरकार लोकांना जास्त विश्वासार्ह वाटते, यावर माझा विश्वास आहे.

खऱ्या माहितीची पोकळी अफवा किती लवकर भरून काढते, याचे उदाहरण हाँगकाँगमध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या वेळी दिसले. १ एप्रिल २००३ रोजी एका किशोरवयीन मुलाने वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून शहर बंद होणार असल्याची खोटी बातमी टाकली आणि लोक दुकानांवर तुटून पडले. त्या लोकांकडे शिल्लक साठ्याचा दिसणारा आकडा असता, तर एका मुलाच्या खोडीला एवढे बळ आले नसते. वृत्तमाध्यमांनीही याचा विचार करायला हवा. रिकाम्या कप्प्याचे छायाचित्र खोटे नसते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कप्पा भरला गेल्याचे छायाचित्र छापले जात नाही.

आता घराच्या जबाबदारीविषयी. साठा वाईट, असे मी म्हणत नाही. जर्मनीने २०१६ मध्ये नागरिकांना दहा दिवस पुरेल इतके अन्न घरी ठेवण्याचा सल्ला दिला, स्वीडनने २०१८ मध्ये संकटकाळात काय करावे याची पुस्तिका घरोघरी पाठवली आणि हे शहाणपणाचेच होते. शांत काळात, दर खेपेला एखादी वस्तू जास्त घेत, महिनोन्‌महिने जमवलेला साठा कोणाच्याही तोंडचा घास काढत नाही. कारखान्याला तो खप दिसतो आणि तो तेवढे उत्पादन करतो. साथीच्या पहिल्या आठवड्यात हेच घर बाजाराबाहेर राहते आणि त्याच्या वाट्याचे सामान ज्याला साठा करणे परवडत नाही, त्याच्यासाठी शिल्लक राहते. घरातले कोणी आजारी पडून विलगीकरणात राहावे लागले, तर त्या घराला बाहेर पडण्याची गरज भासत नाही. तीच खरेदी साथ जाहीर झाल्यानंतर केली, तर मात्र ती दुसऱ्याच्या वाट्यातून होते. म्हणून ज्याची ऐपत आहे, त्याने ही बेगमी आधीच करणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि साथ आल्यावर हात आखडणे हे त्या कर्तव्याचाच भाग आहे. औषधांबाबत मात्र सीमा स्पष्ट हवी. जी औषधे नियमित चालू आहेत, त्यांचा महिनाभराचा साठा घरी असावा. प्रतिजैविके, नवी चर्चेतली औषधे आणि प्राणवायूच्या टाक्या ‘असाव्यात म्हणून’ घरी आणून ठेवणे कोणत्याही काळात असमर्थनीय आहे, कारण त्यांची गरज ठरवणे डॉक्टरचे काम आहे आणि त्यांची योग्य जागा रुग्णालय आहे.

ज्यांची ऐपत नाही, त्यांच्यासाठी हा सल्ला पोकळ आहे, याची मला जाणीव आहे. त्यांच्याबाबतीत शासनाने साथीच्या इशाऱ्याबरोबरच एक-दोन महिन्यांचा शिधा आगाऊ दिला पाहिजे, म्हणजे त्यांनाही गर्दीत न जाण्याची सोय मिळेल. त्यासाठी लागणारी यादी मात्र संकटात बनवता येत नाही. कार्डाशी जोडलेला वाटा कार्ड असलेल्यालाच मिळतो. तैवान आणि कोरियातही परदेशी कामगार आणि विमा योजनेबाहेरची माणसे यांचा प्रश्न सुटायला सोपा नव्हता. स्थलांतरित मजूर, बेघर लोक, कागदपत्रे हरवलेली कुटुंबे, घरातल्या भांडणामुळे घर सोडून बाहेर पडलेल्या स्त्रिया यांना ओळख न विचारता वाटा देण्याची केंद्रे मुळातच आराखड्यात असली पाहिजेत. त्यातून काही जण दोनदा घेतील, हे धरून चालावे. विषाणू कागदपत्रे पाहत नाही, त्यामुळे एखाद्याने दोनदा घेण्यापेक्षा एखाद्याला एकदाही न मिळणे हे सर्वांनाच अधिक महागात पडते. त्याचबरोबर मोठ्या कुटुंबांना, घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना आणि तान्ह्या मुलांच्या पालकांना वाढीव वाटा मागण्याची सोपी वाट हवी आणि तिचा निर्णय दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या, स्वतःच घाबरलेल्या कर्मचाऱ्यावर न टाकता स्थानिक आरोग्य केंद्राकडे असावा.